फाटकाची जागा

१

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे ब्रेकताई. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्यासाठी एक जादा ब्रेक असतो, आणि ताईंचा पाय त्यावरून कधी हलत नाही, अशी तिची ख्याती होती. तिचं स्वतःचं म्हणणं वेगळं होतं. "मी ब्रेक दाबत नाही म्हणून तर माझी माणसं लवकर शिकतात," ती म्हणायची. लग्न झालं होतं, टिकलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर सांगायची, "नवऱ्याला गाडी शिकवायला घेतली, आणि तिथंच संसाराचा गिअर पडेनासा झाला." माणसं हसायची आणि विषय मिटायचा. आता ती पन्नाशीला टेकली होती. घरी म्हातारे वडील होते, आणि अनोळखी माणसांच्या शेजारी बसून त्यांची भीती घालवायची हा तिचा दिवसभराचा उद्योग होता.

त्या दिवसांत दुपारच्या तासाला एक नर्स येत असे. मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून ती नुकतीच या शहरात आली होती. बाई धीराची, पण स्टिअरिंगवर हात ठेवला की तिचं सगळं अवसान गळायचं. क्लच असा सोडायची की गाडी बेडकासारखी टुणटुण उड्या मारत पुढे जायची.

"ऑपरेशनच्या टेबलाशी माझा हात कापत नाही हो ताई," ती घाम पुसत म्हणायची, "आणि इथं बघा!"

"ऑपरेशनला समोरचा माणूस झोपलेला असतो," ताई म्हणायची. "इथं सगळे जागे असतात. चला, पुन्हा स्टार्ट."

रस्ता रोजचाच. पाण्याच्या जुन्या टाकीला वळसा, फर्निचरच्या शोरूमवरून उजवीकडे, आणि मग उंच इमारतींच्या मधून जाणारा रुंद, सरळ रस्ता. तिथं शिकाऊ माणसाला जरा वेग घेऊ द्यायचा. त्या दुपारीही नर्स वेग घेत होती, गिअर कधी नव्हे तो मुकाट्याने पडला होता, आणि एकाएकी तिने गाडी थांबवली. धक्का नाही, गचका नाही. क्लच, ब्रेक, न्यूट्रल, हँडब्रेक. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं.

ताईला आधी कौतुकच वाटलं. मग तिने समोर पाहिलं. सिग्नल नव्हता. झेब्राचे पट्टे नव्हते. कुत्रंसुद्धा आडवं गेलं नव्हतं.

"का थांबलात?"

"थांबायचं नव्हतं?" नर्स गोंधळली. "मला वाटलं, तुम्हीच ब्रेक दाबलात."

ताईने खाली पाहिलं. तिचा पाय ब्रेकवर होता, चांगला जोर देऊन.

शेजारी एक बस उभी होती. मागे पाण्याचा टँकर, त्याच्यामागे गाड्यांची रांग. समोरून येणारी वाहनंही तशीच उभी होती. दोन्ही रांगांच्या मध्ये डांबराचा एक पट्टा मोकळा होता, एखाद्या खोलीएवढा रुंद, आणि त्यावर कुणी पाऊल टाकत नव्हतं. बसचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर कोपर टेकून जांभई देत होता.

थोड्या वेळाने बस हलली. टँकर हलला. सगळे हलले. नर्सने क्लच सोडला आणि गाडीने नेहमीसारखी बेडूकउडी मारली.

पुढचं वळण घेईपर्यंत ताईला कळेना की आपल्याला नेमकं काय खटकलंय. मग ध्यानात आलं. ज्या शहरात सिग्नल हिरवा व्हायच्या आधी मागचा माणूस हॉर्न वाजवतो, तिथं एवढ्या वाहनांत कुणी एकदाही हॉर्न वाजवला नव्हता.

२

हा सगळा भाग एके काळी वेगळं गाव होता. गाव रेल्वेनंच जन्माला घातलेलं. आधी रूळ आले. मग इंजिनाला पाणी लागतं म्हणून टाकी, टाकीला माणूस लागतो म्हणून एक खोली, आणि माणसाला माणसं लागतात म्हणून बाजार. रुळांच्या अलीकडे बाजार, शाळा, धान्याची गोदामं. पलीकडे नुसती शेतं, नजर दमेल तिथपर्यंत गहू आणि सूर्यफूल. मध्ये फाटक. तिचे वडील, अप्पा, गोदामात काट्यावर होते. पलीकडून पोती यायची, अप्पा त्यांची वजनं करायचे आणि पोती मालगाडीत चढायची.

शहर तेव्हा लांब होतं. अंधार पडला की आभाळाच्या कडेला त्याचा उजेड तेवढा दिसायचा. दर वर्षी तो उजेड थोडा अलीकडे सरकायचा आणि लोक म्हणायचे, बरं आहे, आपल्याकडेही दिवे येतील. मग शहरातली माणसं सुट्टीच्या दिवशी ताजी भाजी न्यायला येऊ लागली. पुढे जमिनी बघायला येऊ लागली. आणि मग परत जायचीच बंद झाली. धान्य ट्रकने जायला लागलं. रोजची गाडी आठवड्यावर आली, आठवड्याची बंद पडली, एका उन्हाळ्यात रूळ उपटून नेले. स्टेशनात फर्निचरचं शोरूम आलं. प्लॅटफॉर्म फोडायची तसदी कुणी घेतली नाही, तोच फूटपाथ झाला. म्हणून तिथला फूटपाथ एवढा उंच आहे आणि नवखी माणसं त्यावर चढताना शिव्या देतात.

"गावाचं नाव गेलं ते कुणाला कळलंसुद्धा नाही," अप्पा सांगायचे. "खिशातून रुमाल पडतो ना, तसं पडलं. घरी जाऊन खिसा चाचपला तेव्हा समजलं."

गोदाम पाडून तिथं इमारत उभी राहिली, तेव्हा अप्पांनी हट्टाने तिच्यातच घर घेतलं. रस्त्याच्या बाजूचं, धुळीचं, गोंगाटाचं. सगळ्यांनी वेड्यात काढलं. मागच्या बाजूला शांत घरं मिळत होती. अप्पा म्हणाले, "शांततेचं काय लोणचं घालू?" आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच.

त्या संध्याकाळी जेवताना तिने सहज विचारलं, "अप्पा, फाटक नेमकं कुठं होतं हो?"

"तू रोज गाडी थांबवतेस तिथं."

तिने घास परत ताटात ठेवला. तिने त्यांना काही सांगितलं नव्हतं. पण खिडकीतून रस्ता दिसायचा, तेव्हा तसं नवल नव्हतं.

"मी एकटी कुठं? सगळेच थांबतात."

"मग? फाटक लागलं की थांबायचंच. नाहीतर काय गाडीखाली जायचंय?"

"अप्पा, तिथं फाटक नाहीये. रूळ नाहीत. गाडी नाही."

"ठाऊक आहे गं. रूळ उपटले तेव्हा मी तिथंच उभा होतो." अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, शांतपणे खाल्ला. मग, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, "पूर्वी एवढा वेळ लागायचा नाही. हल्ली गाडी फार लांबते."

३

ती काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. रस्त्यावर जे घडतं त्याला कारण असतं, आणि कारण बहुतेक वेळा मागच्या सीटवर बसलेलं असतं, हे तिचं आवडतं वाक्य. तिने कारणं लावून पाहिली. रस्त्याला तिथं अंगचाच चढ असेल, वाहनं आपोआप मंदावत असतील. पुढचा थांबला म्हणून मागचा थांबत असेल. मेंढरांचं नाही का तसंच असतं? पण पहिलं मेंढरू कशाला थांबतं, याचं उत्तर तिला सापडेना.

एका सुट्टीच्या दुपारी ती चालत तिथं गेली. त्या जागेला लागूनच चष्म्यांचं एक दुकान होतं. दुकान चालवणारी बाई तिच्याच वयाची, स्वतःचा चष्मा कपाळावर चढवून तो दिवसभर शोधत बसणारी. ताईने वाचायचा चष्मा बघायच्या निमित्ताने काचेजवळची खुर्ची धरली.

दुकान गार होतं, भिंतभर आरसे, आरशांपुढे काचेच्या फळ्या, फळ्यांवर ओळीने चष्मे. बाहेर ऊन. ताई एकेक चष्मा लावून बघत होती. तेवढ्यात एक बारीक आवाज सुरू झाला. कुणीतरी लांब, दुसऱ्याच घरात, चमचे पुसून ठेवत असावं तसा. तिने मान वळवली. फळ्यांवरचे सगळे चष्मे थरथरत होते. काड्या काचेवर आपटून किणकिणत होत्या.

"खालून मेट्रो जात असेल," चष्मेवाली पुसायचं फडकं न थांबवता म्हणाली.

"मेट्रो इकडे अजून आलेली नाही."

"आली नाही?" चष्मेवालीने क्षणभर विचार केला. "मग येणार असेल."

बाहेर वाहनं थांबली होती. चालणारी माणसंही थांबली होती. पिशव्या घेतलेली एक बाई, फोनवर बोलणारा एक तरुण, बाबागाडी ढकलणारे आजोबा. फोनवरचा तरुण बोलायचा थांबला नव्हता, फक्त पाय थांबले होते. ताईने त्यांचे चेहरे बघितले आणि तिच्या हातातला चष्मा तसाच राहिला. त्या चेहऱ्यांवर ऊन पडत होतं, जात होतं, पडत होतं, जात होतं. भराभर, एका लयीत. ऊन, सावली, ऊन, सावली. वर आभाळ निरभ्र होतं. समोरच्या इमारतीवर ऊन पसरलेलं होतं तसं पसरलेलं होतं. नुसत्या त्या माणसांवर, त्या गाड्यांच्या बॉनेटवर ते लुकलुकत होतं, जणू त्यांच्या समोरून काहीतरी लांबलचक, फटी-फटीचं जात होतं.

मग लुकलुक थांबली. चष्मे थांबले. बाबागाडीवाले आजोबा रस्ता ओलांडून गेले.

"तुम्हाला हे विचित्र वाटत नाही?" ताईने विचारलं.

"काय?"

"हेच. सगळे थांबतात ते."

"थांबतात खरे." चष्मेवालीने कपाळावरचा चष्मा चाचपून नाकावर आणला आणि पहिल्यांदाच बघावं तसं रस्त्याकडे बघितलं. "माझ्याकडे इथली माणसं येतात ना, सगळ्यांची एकच तक्रार. जवळचं नीट दिसतं, लांबचं नीट दिसतं, पण रस्त्यापलीकडचं धूसर दिसतं. मी नंबर काढते, डोळे ठणठणीत असतात. आता नसलेल्या नंबरचा चष्मा मी कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी ताईने एकटीने गाडी काढली. ठरवूनच काढली. त्या जागी वाहनं थांबायला लागली तशी तिने कडेची मोकळी लेन पकडली आणि स्वतःला बजावलं, थांबायचं नाही. रस्ता रिकामा आहे. काही नाहीये तिथं. स्वप्नात पळताना पाय कसा जडावतो, माहीत असतं की दार उघडं आहे आणि तरी पाऊल पडत नाही, तसा तिचा पाय ॲक्सिलेटरवर नुसता ठेवलेला राहिला. दुसरा पाय केव्हाच ब्रेकवर गेला होता. खाली, सीटमधून, कण्यातून एक संथ ठोका चढत होता. धडाड-धड. धडाड-धड. तिला घाबरायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तिला झोप येत होती, लहानपणी कुणाच्या तरी खांद्यावर यायची तशी.

४

अप्पांनी एका सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बुटांना पॉलिश केलं आणि म्हणाले, "दुपारी मला गाडीतून ने."

"कुठं?"

"फार लांब नाही."

तिला वाटलं, बऱ्याच दिवसांत घराबाहेर पडले नाहीत, हवा खायची असेल. तिने नर्सचा तास पुढे ढकलला. अप्पा शिकाऊ माणसाच्या सीटवर बसायला निघाले, तेव्हा ती हसली. "अप्पा, आता या वयात लायसन्स काढताय की काय?"

"नको बाई. तुझ्या हाताखाली शिकायचं म्हणजे रोज बोलणी खायची." ते शेजारच्या सीटवर बसले. पायापुढचा जादा ब्रेक बघून पाय चोरून घेतले.

टाकीपाशी वळताना ते म्हणाले, "तुला तुझ्या आईबद्दल मी काय सांगितलंय?"

ती गोंधळली. तिला आठवत होती ती एवढीच गोष्ट: आई पलीकडची होती, शेतावरची. एका दुपारी माहेरी गेली ती परत आली नाही. ताई स्वतः तेव्हा नुकती चालायला लागली होती. लोकांनी नाना तर्क केले. कुणी म्हणालं पळून गेली, कुणी आणखी काही. अप्पांनी कुणाचं खरं-खोटं केलं नाही, दुसरं लग्न केलं नाही, आणि घरात तो विषय झाकणासारखा घट्ट बसला.

"माहेरी गेली, एवढंच," ती म्हणाली.

"माहेरी गेली होती हे खरं. पण ती परत आली होती." अप्पा समोर बघत बोलत होते. "फाटकापर्यंत आली होती. मी तुला खांद्यावर घेऊन अलीकडे उभा. ती पलीकडे. डोक्यावर गाठोडं. फाटक लागलेलं. तिनं मला हाक मारून विचारलं, पोर जेवली का? मी म्हटलं, जेवली. ती म्हणाली, आलेच, गाडी जाऊ दे. मग मालगाडी आली. मधल्या फटींतून ती मला दिसत होती. दिसायची, जायची, दिसायची, जायची. तू हसत होतीस. तुला वाटलं, ती लपाछपी खेळतेय."

"आणि मग?"

"मग गाडी गेली. पलीकडे कुणी नव्हतं."

गाडी रुंद रस्त्याला लागली होती. "म्हणजे काय अप्पा? नव्हतं म्हणजे काय? मागं वळली असेल. कुणी..."

"फाटकवाल्यानं शोधलं, तिच्या भावांनी शोधलं. दोन्हीकडं नुसता गहू उभा. मी काही म्हातारपणी गोष्टी रचत नाही गं. मला एक सांग, जी गाडी तिच्या-माझ्यामध्ये आली, तिचा शेवटचा डबा मी बघितला का? मला आठवत नाही. सगळं आठवतं, शेवटचा डबा आठवत नाही."

वाहनं थांबायला लागली होती. ती थांबली. पुढे कुणी नव्हतं, तिची गाडी पहिली होती. त्या मोकळ्या पट्ट्याच्या कडेशी, नेमकी. सीटमधून तो ठोका चढू लागला आणि काचेवर ऊन लुकलुकायला लागलं.

अप्पांनी दार उघडलं.

"अप्पा, बसा. अप्पा!"

"ब्रेक सोडू नकोस," ते म्हणाले. कडक नाही, प्रेमाने, ती शिकाऊ माणसांना सांगायची तशा आवाजात. "काही झालं तरी ब्रेक सोडू नकोस."

ते उतरले, शर्ट ओढून सारखा केला आणि गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले. ब्रेक सोडला तर गाडी पुढे जाणार, पुढे अप्पा. न्यूट्रल होतं, हँडब्रेक होता, उतरायला काय जात होतं? पण हे तिला नंतर सुचलं. त्या क्षणी तिचं सगळं बळ त्या एका पायात जाऊन बसलं होतं.

आणि तिने बघितलं. ऊन पडायचं तेव्हा पलीकडे बँकेची इमारत नव्हती, बसस्टॉप नव्हता. पिवळं होतं. खूप लांबपर्यंत, खाली टेकलेल्या आभाळापर्यंत पिवळं. जवळ एक आडवी दांडी, पांढरी-तांबडी. दांडीमागे माणसं. एक सायकल, एक पोत्यांनी भरलेली गाडी, कडेवर मूल घेतलेली कुणी. काहींनी ओझी खाली ठेवली होती, लांबणार आहे हे कळल्यावर ठेवतात तशी. एका बाईने डोळ्यांवर हाताची सावली धरली होती.

दिसायचं, जायचं. दिसायचं, जायचं.

त्यांच्या डोळ्यांचं काहीतरी चमत्कारिक होतं. सगळ्यांचे डोळे एका बाजूने दुसरीकडे हळूच सरकायचे, झटक्यात परत यायचे, पुन्हा सरकायचे. ताईला ही हालचाल ओळखीची होती. समोरून गाडी धडधडत जात असली की बघणाऱ्याचे डोळे असेच होतात, एकेका डब्याला धरायचा प्रयत्न करतात आणि सोडून देतात. पण त्यांच्या समोर कुठली गाडी होती? ते बघत होते तिच्याकडे, शेजारच्या बसकडे, मागच्या टँकरकडे, त्यामागच्या उंच उंच इमारतींकडे.

मग ऊन एकसारखं झालं. मागून टँकरने हॉर्न दिला. समोर रस्ता होता, बँक होती. अप्पा कुठेच नव्हते.

५

पोलिस चौकीतला फौजदार भला माणूस होता. त्याने तिला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि बँकेच्या दारावरच्या कॅमेऱ्यातलं चित्र तिच्यासमोर लावलं. त्यात तिची पांढरी गाडी दिसत होती. अप्पा उतरले, पुढे येऊन उभे राहिले, त्यांनी आधी डावीकडे, मग उजवीकडे पाहिलं. मग चित्र लुकलुकायला लागलं.

"हा कॅमेरा रोज एवढा वेळ असाच करतो," फौजदार ओशाळून म्हणाला. "बँकवाल्यांनी तीनदा बदलला. तुमच्या वडिलांना विसरण्याचा त्रास होता का?"

"नाही. त्यांना सगळं आठवायचं."

"घरात काही वाद? मन दुखावलं होतं का?"

"नाही हो."

फौजदाराने पेन खाली ठेवलं. थोडं पुढे वाकला, आवाज खाली आणला. "ताई, मीपण रोज त्याच रस्त्यानं येतो. सरकारी गाडी आहे, सायरन आहे. तरी थांबतो." त्याने पुन्हा पेन उचललं. "वडिलांच्या अंगावर काय कपडे होते, ते सांगा."

दिवस गेले. शेजारपाजारची माणसं येऊन बसून गेली. कुणी म्हणालं देवमाणूस होते, कुणी म्हणालं येतील, म्हातारी माणसं जातात आणि येतात. तिने मान डोलावली. खिडकीतली खुर्ची तिने हलवली नाही. सुरुवातीला ती रागावली होती, एवढी रागावली होती की भांडी आपटायची. ज्या बाईसाठी त्यांनी आयुष्यभर खिडकी धरली, तिच्यासाठी ते एका पावलात गेले, आणि जी लेक रोज ताट वाढत होती तिला म्हणाले, ब्रेक सोडू नकोस. मग राग ओसरला. खाली उरली ती वेगळीच गोष्ट. तिला वारंवार वाटायचं की त्या दिवशी जे दिसलं त्यातलं काहीतरी आपण नीट वाचलं नाही. पाटी गाडीतून झरकन मागे जावी आणि अक्षरं तेवढी डोळ्यांत राहावीत तसं. ती डोळ्यांची हालचाल. पण त्याच्या पुढे विचार न्यायला ती कचरायची. विचारालाही ब्रेक असतोच.

कामावर मात्र ती जात राहिली. पोटापाण्यासाठी जावं लागत होतं, आणि घरात बसून खिडकीत बघण्यापेक्षा ते बरं होतं.

६

नर्सला लायसन्स मिळालं. ती पेढ्यांऐवजी केक घेऊन आली, आणि म्हणाली, "ताई, आज तुम्ही नुसत्या बसा. मी फिरवते तुम्हाला." गाडी तिने स्वतःची, जुनी पण चांगली, घेतली होती. तिच्यात एकच ब्रेक होता.

दुपार होती. टाकी गेली, शोरूम गेलं. नर्स बोलत होती, वॉर्डातल्या गमती सांगत होती, गिअर लोण्यासारखे पडत होते. रुंद रस्त्यावर वाहनं मंदावली तशी तीही बोलता बोलता मंदावली. गाडी थांबली. बोलणंही हळूहळू थांबलं.

ठोका चढला. पण त्या दिवशी तो वेगळा होता. धडाड, मग बराच वेळ काही नाही. मग धड. काचेवरचं ऊन लुकलुकत नव्हतं, सावकाश येत-जात होतं, कुणीतरी झोपाळू हाताने पडदा ओढावा, सोडावा तसं.

"आज किती हळू," नर्स पुटपुटली.

ऊन पडलं आणि ते राहिलं. एवढा वेळ की ताईला दांडीवरचा तांबडा रंग कुठे उडालाय तेही दिसलं. दांडीमागे माणसं होती, पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त. रांग गव्हात लांबवर गेली होती. पुढच्या ओळीत अप्पा होते. इस्त्रीचा शर्ट चुरगळला होता. त्यांच्या शेजारी एक तरुण बाई, ताईची मुलगी शोभावी एवढी तरुण, पायाशी गाठोडं.

ताईने काच खाली केली. "अप्पा!" हाक बाहेर पडली पण पोचली नाही. तिने हात हलवला, दोन्ही हात हलवले, शिकाऊ पोरीसारखे वेडेवाकडे.

अप्पांचे डोळे तिच्यावर आले. क्षणभर थांबले. तिला वाटलं, ओळखलं. त्यांनी हात वर केला आणि हलवला, हसत, मोकळेपणाने. मग त्यांचे डोळे तिच्यावरून सरकून मागच्या बसवर गेले, बसवरून टँकरवर, आणि हात तसाच हलत राहिला. जाणाऱ्या गाडीला माणसं हात करतात ना, कुणाला म्हणून नाही, तसा.

सावली आली. पुन्हा ऊन आलं, आणखी सावकाश.

"ताई," नर्स अगदी हळू म्हणाली, तिचा हात ताईच्या मनगटाशी आला होता, नाडी बघावी तसा. "ती माणसं मागं काय बघतायत?"

कारण आता कुणीच या दोघींकडे बघत नव्हतं. ती तरुण बाई टाचा उंचावून, मान लांब करून, रस्त्याच्या त्या टोकाकडे बघत होती जिकडून इमारती सुरू होतात. सायकलवाला बघत होता. फाटकवाला त्याच्या खोलीतून बाहेर येऊन, डोळे बारीक करून, शेवटचा डबा शोधावा तसा तिकडेच बघत होता. त्याने वळून रांगेला काहीतरी सांगितलं. शब्द ऐकू आला नाही, पण रांगेच्या टोकापर्यंत माणसं जराशी हलली, सैल झाली, एकमेकांकडे बघून हसली.

आणि मग, एकेक करून, घाई न करता, त्यांनी खाली ठेवलेली ओझी उचलायला सुरुवात केली.